'मानणे', 'मान' आणि 'नास्तिक'

दलित साहित्यावर लिहिताना आपले समीक्षक एक शब्द फार सैलपणे वापरतात. तो शब्द म्हणजे 'नास्तिक'. देवाला शिवी देणारी कविता नास्तिक, देवळाकडे पाठ फिरवणारा कार्यकर्ता नास्तिक आणि धम्म स्वीकारलेला अवघा समाजही नास्तिक! विरोधक हा शब्द दूषण म्हणून वापरतात आणि आपले तरुण तोच भूषण म्हणून मिरवतात. परंतु हा शब्द कोणी घडवला, कशासाठी घडवला, याची झडती दोघेही घेत नाहीत.

पाणिनीच्या सूत्राप्रमाणे 'आहे' अशी ज्याची मती तो आस्तिक आणि 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक. काय आहे आणि काय नाही, हे सूत्र सांगत नाही. काशिकावृत्तीने ही रिकामी जागा 'परलोक' या शब्दाने भरली. मनुस्मृतीने ती वेदाने भरली. तिच्या दुसऱ्या अध्यायातील अकराव्या श्लोकाचा आशय असा की, तर्काच्या बळावर श्रुतिस्मृतींचा अवमान करणारा द्विज हा वेदनिंदक नास्तिक होय आणि सज्जनांनी त्याला बहिष्कृत करावे. या साऱ्यात देव कुठे आहे? कुठेच नाही. म्हणूनच ईश्वर न मानणारे सांख्य आस्तिकांच्या पंक्तीला बसले, पूर्वमीमांसकही बसले, आणि बौद्ध, जैन व चार्वाक पंक्तीबाहेर राहिले. प्रश्न देवाचा नव्हता, ग्रंथाच्या अधिकाराचा होता.

आता यातील 'द्विज' हा शब्द पाहा. ज्याला वेद ऐकण्याचाही अधिकार नव्हता, तो वेदनिंदक कसा होणार? जो आधीच गावकुसाबाहेर आहे, त्याला बहिष्कृत तरी कसे करणार? वस्तुतः 'नास्तिक' ही द्विजांच्या घरातली शिवी आहे. आत असलेल्याला बाहेर काढण्यासाठी ती घडवली गेली. जे मुळातच बाहेर होते त्यांच्यासाठी वेगळे शब्द होते आणि ते जन्माने चिकटत, मताने नव्हे. बाबासाहेबांनी १९२७ साली आपल्या पत्राला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली. हे स्मरणात ठेवले म्हणजे 'नास्तिक' ही बिरुदावली आपल्याला किती तोकडी पडते हे लक्षात येते.

शब्द आपोआप बदलत नाहीत. ते बदलणाऱ्यांच्या हाती सत्ता असते. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे पंथ, कोणताही पंथ, आणि सर्व पासंडांचा आदर करावा असे राजा सांगतो. त्याच शब्दाचा पुढे 'पाखंड' झाला आणि त्याला ढोंगाचा, धर्मद्रोहाचा वास आला. 'देवानांप्रिय' ही अशोकाची पदवी. नंतरच्या संस्कृतात तिचा अर्थ मूर्ख असा झाला. पराभूतांच्या शब्दांचे असेच होते.

हे पोथीतले झाले. आता गावात येऊ. वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे गोव्याच्या सीमेलगतचे गाव. तेथील लोहखनिजाच्या खाणीत १९७६ साली गणपतीची द्विभुज मूर्ती निघाली. खाणीवरच्या एका ट्रकचालकाला दृष्टांत झाला, खोदले आणि मूर्ती सापडली, अशी कथा सांगितली जाते. आज तिथे देऊळ आहे आणि दूरवरून भाविक येतात. कथा खरी की खोटी, हा आपला प्रश्न नाही. आपण शब्द पाहू. 'मूर्ती सापडली' म्हणणारा माणसाच्या हाताविषयी बोलतो, फावडे-कुदळीविषयी बोलतो. 'देव प्रकटला' म्हटले की क्रिया देवाकडे जाते आणि खणणारा मजूर वाक्यातूनच नाहीसा होतो. 'दृष्टांत' या शब्दाची गोष्टही अशीच आहे. न्यायशास्त्रात दृष्टांत म्हणजे सामान्य माणूस आणि जाणकार या दोघांनाही मान्य असणारे उदाहरण. वादात दोन्ही बाजूंनी उभे राहावे अशी सामायिक जमीन. आज लोकांच्या तोंडी दृष्टांत म्हणजे एकट्याला पडलेले स्वप्न, ज्याची तपासणी दुसऱ्याला करता येत नाही. युक्तिवादाचे हत्यार युक्तिवाद संपवण्याच्या कामी आले!

पण या किनाऱ्यावर कोणी कोणाला 'तू आस्तिक की नास्तिक?' असे विचारत नाही. प्रश्न येतो तो असा : 'तुमी देवाक मानतास काय?' या साध्या वाटणाऱ्या प्रश्नात आपल्या भाषेचे सगळे समाजशास्त्र दडलेले आहे. मराठीत 'मानणे' तीन तऱ्हेने चालते. 'देव आहे असे मी मानतो' हे मत झाले. 'मी देवाला मानतो' हे मत नव्हे. 'तो थोरामोठ्यांना मानतो' किंवा 'तो कुणाला मानत नाही' म्हणतो तसा हा शिरस्ता झाला, मान तुकवणे झाले. आणि 'मी अमक्याला देव मानतो' म्हणजे मी त्याला ते पद देतो. गावचा प्रश्न दुसऱ्या तऱ्हेचा आहे. तुझ्या डोक्यात काय आहे हे गाव विचारत नाही. तू आपल्या जागेवर आहेस ना, हे विचारते.

'मानणे' ज्या कुळातला, त्याच कुळातले 'मान', 'मानपान', 'मानकरी'. कोकणची गावऱ्हाटी याच शब्दांवर उभी आहे. ग्रामदेवतेच्या कार्यात कोणाचा मान पहिला, कोणाचा नंतरचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. अस्पृश्य ठरवलेल्यांनाही त्यात कामे होती. देवळाची पायरी मात्र नव्हती. कष्टाला 'मान' म्हटले की मजुरी मागता येत नाही आणि नाकारले तर देवाचा कोप होतो. तेव्हा 'देवाक मानणे' म्हणजे ही उतरंड मानणे. म्हणूनच जो मानत नाही त्याच्यावर गाव रागावते. त्याने विश्वाची उत्पत्ती नाकारली म्हणून नव्हे, तर आपली पायरी सोडली म्हणून.

या प्रकाशात १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा पुन्हा वाचाव्यात. पहिली ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्याविषयी, दुसरी राम-कृष्णांविषयी, तिसरी गौरी-गणपती आदी देवतांविषयी. तिन्हींत क्रियापद 'मानणे' हेच आहे, आणि ते तिसऱ्या तऱ्हेने : यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. 'विश्वास' हा शब्द चौथीत, अवताराच्या संदर्भात येतो. हा क्रम अर्थपूर्ण आहे. आधी पद काढून घेतले, आचार थांबवला, मग मताचा उच्चार केला. देव आहे की नाही, ही चर्चा शतकानुशतके चालू शकते. परंतु देवपद देणारे आपणच आहोत आणि ते परत घेण्याचा अधिकारही आपलाच आहे, हे सांगणे 'नास्तिक' शब्दाच्या आवाक्यात येत नाही.

साहित्याकडे वळताना हाच भेद हाती धरला पाहिजे. कोकणात देवापुढच्या सामूहिक प्रार्थनेला 'गाऱ्हाणे' म्हणतात; इतरत्र त्याच शब्दाचा अर्थ तक्रार. चोखामेळ्याचे अभंग दोन्ही अर्थांनी गाऱ्हाणे आहेत. तो विठ्ठलाशी भांडतो, पण दाराशी उभा राहून भांडतो. केशव मेश्राम यांची देवाला आईवरून शिवी घालणारी कविता पोटासाठी राबणाऱ्याचा हिशेब देवासमोर मांडते. तिला नास्तिक म्हणणे ही आळशी समीक्षा होय. शिवीला समोर कोणीतरी लागतो. ती गाऱ्हाण्याची शेवटची, सर्वांत तप्त पायरी आहे. मान काढून घेतला आहे, संबोधन अजून सुटलेले नाही. प्रतिज्ञेत मात्र देवाला संबोधनच नाही. तिथे माणूस माणसांसमोर बोलतो. अभंग, शिवी आणि प्रतिज्ञा या तिन्हींना एकाच 'नास्तिक' किंवा 'विद्रोही' शिक्क्याखाली कोंबणारी समीक्षा या प्रवासातला सर्वांत मोठा पल्लाच पुसून टाकते.

आणि झडती घ्यायचीच तर स्वतःचीही घ्यावी लागेल. 'आम्ही बाबासाहेबांना मानतो' हे वाक्य आपण दररोज उच्चारतो. ते कोणत्या तऱ्हेचे? पटले म्हणून मानतो, की मान तुकवतो, की देवपद बहाल करतो? पुतळ्याभोवती नवे मानकरी आणि नवा मानपान उभा राहिला, तर देवाचे नाव बदलले, क्रियापद तेच राहिले, असे म्हणावे लागेल. बुद्धाने कालामांना सांगितले ते हेच की, परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका.

तेव्हा भाद्रपदात कोणी आपल्या तरुणाला 'देवाक मानतास काय?' असे विचारले, तर त्याने 'मी नास्तिक आहे' असे उत्तर देऊ नये. ती द्विजांच्या भांडणातली भाषा आहे. त्याने सरळ म्हणावे : मी देवपद कोणाला देत नाही, आणि तुम्ही ठरवलेली पायरीही मानत नाही. मग त्या प्रश्नाचा खरा अर्थ विचारणाऱ्यालाही कळेल.