हुकुमामागचे कारण

माणसांकडून काम करून घेणे ही गोष्ट किती नाजूक असते, हे फराळाच्या धांदलीत घर सांभाळणाऱ्या गृहिणीस निराळे सांगावयास नको. मुख्याध्यापक, शेतावरचा मुकादम, बँकेतला शाखाधिकारी, सर्वांपुढे हाच प्रश्न असतो. आता या विषयाचे एक शास्त्रच झाले आहे. डग्लस मॅक्ग्रेगर या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० साली त्यावर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. वरिष्ठांचे दोन समज त्याने त्यात मांडले. माणूस मुळात कामचुकार आहे, त्याला धाकातच ठेवले पाहिजे, हा एक. आणि योग्य परिस्थिती लाभली तर तो आपण होऊन जबाबदारी उचलतो, हा दुसरा. विवेचन चांगले आहे. परंतु आपल्या भाषेतच एक जुना लेख आहे, आणि तो वाचताना या दोन्ही समजांच्या पलीकडचे काही हाती लागते.

हा लेख म्हणजे शिवाजी महाराजांचे एक पत्र. राज्याभिषेक तेव्हा व्हायचा होता. पत्र चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांस आहे. भाषणांतून या पत्राचा उल्लेख पुष्कळदा होतो. पण शेतकऱ्यास त्रास देऊ नका एवढाच सारांश सांगून वक्ते पुढे जातात. असे केल्याने पत्र सुभाषित बनते आणि त्यातला माणूस ओळखणारा लेखक मात्र नजरेआड होतो. म्हणून ते एक गद्यलेख म्हणून वाचून पाहावे, असे मला वाटते.

पत्राचा प्रारंभ हुकुमाने होत नाही. तो हिशेबाने होतो. कटकाचा मुक्काम पडल्यामुळे पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा बराचसा संपला. मग गडोगडीचा गल्ला देववून पागेची कशीबशी बेगमी केली. म्हणजे काटकसर करा असे सांगण्याआधी काटकसरीचे कारण हाताखालच्यांसमोर उघडे केले आहे. कोठीत किती उरले आहे हे ज्याला कळते, तो हात आवरून वाटतो. ज्याला फक्त ‘कमी वाटा’ एवढेच कळते, तो पाहणारा दूर गेला की मूठ सैल सोडतो.

पुढे लेखक परिणामांची साखळी उलगडतो. दाणा आताच संपवलात तर पावसात मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील. मग कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी. यातला ‘कोणी’ हा शब्द मोठा बोलका आहे. समोरच्या एकाही माणसावर आळ नाही, एकालाही चोर म्हटलेले नाही. उपाशी छावणीत चांगला शिपाईसुद्धा काय करील, एवढेच दाखवले आहे. मॅक्ग्रेगरच्या दोन्ही समजांहून हे निराळे आहे. माणूस वाईटही नाही आणि देवही नाही. त्याला वाईट वागावे लागेल अशी वेळ वरिष्ठाने येऊ देऊ नये.

आगीविषयीचा भाग तर कथालेखकाने हेवा करावा असा आहे. चुली, तंबाखूसाठी घेतलेला विस्तव, सुटलेला वारा, आणि रात्री जळत राहिलेल्या दिव्याची वात पळवणारा उंदीर! राज्य उभे करणारा पुरुष उंदरापर्यंत विचार करतो. कामगिरी कोठे फसते हे ज्याने स्वतः पाहिले आहे, त्यालाच असा तपशील सुचतो. आणि वरिष्ठाला आपले काम ठाऊक आहे अशी खात्री पटली की कनिष्ठ त्याचे ऐकतो. एकदा पागा जळाली की मग कोणाच्या माना मारल्या तरी एक खणही पुन्हा उभा राहणार नाही, हेही त्यात स्पष्ट सांगितले आहे. शिक्षा ही व्यवस्था नव्हे, याची ही कबुली आहे. त्यानंतर येतो थोडा उपरोध: घोडी गेली की बांधायला नको, चारायला नको, तुम्ही मोकळेच झालात! रागावलेल्या घरधन्याचा हा सूर आहे, पण त्यात तुच्छता नाही.

कोणी म्हणेल, शेवटी धाक आहेच की. आहे. अन्याय करील त्याची अब्रू राहणार नाही, मग रोजगार कसला, असे पत्रात बजावले आहे. तो धाक लपवण्याचे कारण नाही. मात्र त्याची जागा पाहावी. आधी परिस्थिती, मग कारण, मग धोका, मग खाशा माणसांनी स्वतः फिरून पाहावे ही सूचना, आणि अगदी शेवटी धाक. त्यातही पहिला उल्लेख अब्रूचा आहे, पोटाचा नंतर.

आमच्या कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी कचेऱ्यांची परिपत्रके रोज येतात. त्यांची रचना बहुधा नेमकी उलटी असते: प्रथम ‘तात्काळ’, शेवटी ‘अन्यथा कारवाई’, आणि मध्ये कारणाचा पत्ता नाही. असे कागद वाचणाऱ्यास आपल्यावर विश्वास नाही एवढेच कळते. तो सही करतो आणि फाइल बंद करतो. काम होते ते कागदापुरते.

तपशील सांगणे म्हणजे वेळ दवडणे, असे अधिकाराच्या जागी बसलेल्यांस वाटते. या पत्राच्या लेखकास लढायांतून सवड कमी होती. तरीही एवढे सविस्तर का लिहिले, हे त्याने पत्रातच सांगितले आहे. सुट्टीत घरातल्या मुलांना हे पत्र पूर्ण वाचून दाखवावे. जुने शब्द अडतील, ते समजावून द्यावेत. उंदराच्या जागी मुले हसतील, आणि का हसलो हे विचारले तर त्यांनाच बरेच उमगेल.