पवित्र प्रभाकर : देशीकरणाची कसोटी

‘स्पायडर-मॅन : इंडिया’ (२००४) या चार अंकी चित्रकथेचा नायक पवित्र प्रभाकर अमेरिकन अतिमानवांच्या मांदियाळीत गौणच, परंतु देशीकरणाच्या चर्चेत तो महत्त्वाचा ठरतो. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, बेनकाकांचे भीमकाका हे नामांतर ध्वनिसाम्यावर बेतलेले आहे. धोतर आणि मुंबई हा झाला बाह्य वेश. खरे स्थित्यंतर शक्तीच्या उगमात घडते. १९६२च्या मूळ कथेत किरणोत्सर्गी कोळी चावतो. हा निव्वळ अपघात होय. तो कोणाही विद्यार्थ्याच्या वाट्याला येऊ शकला असता. पवित्रला मात्र योगी शक्ती बहाल करतो, तर प्रतिनायक नलिन ओबेरॉय ताइताच्या प्रभावाने राक्षस बनतो. परिणामी योगायोगाच्या जागी निवड येते आणि नैतिक पेच देवासुरसंग्रामात विरून जातो. काकांच्या मृत्यूची टोचणी उरते. पण नायकाचे कार्य आधीच नेमून दिलेले असते.

या संदर्भात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवावा. फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेल्या या सायकलस्वार मुलापाशी कोणतेही वरदान नाही. आहे ती जिज्ञासा आणि चपळाई. देशीकरणाची परीक्षा कथेतील कार्यकारणभावावर व्हावयास हवी. त्या कसोटीवर पीटरचा जवळचा आप्त फेणेच ठरतो.