मुक्त सॉफ्टवेअर परवान्यातील ‘स्वातंत्र्य’ : एक चिकित्सा

इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दात ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन्ही अर्थ एकवटल्यामुळे मुक्त सॉफ्टवेअर चळवळीला आपल्या नावाचा खुलासा वारंवार करावा लागला. मराठीत ही अडचण नाही. मात्र मुक्त कोण, हा प्रश्न येथेही उरतोच.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. त्यांच्या मांडणीत स्वातंत्र्य वापरकर्त्याचे आहे : प्रणाली चालविण्याचे, तिची मूळ संहिता अभ्यासून बदलण्याचे, प्रती आणि सुधारित प्रतीही वाटण्याचे. ‘जनरल पब्लिक लायसन्स’ अर्थात जीपीएल हा परवाना (१९८९, दुसरी आवृत्ती १९९१) प्रताधिकार कायद्याच्याच आधारे असे बंधन घालतो की, सुधारित प्रत वितरित करणाऱ्याने ती त्याच अटींवर द्यावी. बीएसडी परवान्याच्या पुरस्कर्त्यांना हा स्वातंत्र्याचा संकोच वाटतो. आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण त्यात विकासकाचे स्वातंत्र्य गृहीत धरलेले आहे, अंतिम वापरकर्त्याचे नव्हे.

जीपीएलची खरी कसोटी लागली ती दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मुद्रित करणाऱ्या टिवो या अमेरिकी यंत्रामुळे. त्यात लिनक्स कर्नल होता आणि कंपनीने परवान्यानुसार संहिताही उपलब्ध करून दिली होती. परंतु यंत्र डिजिटल स्वाक्षरी तपासत असे आणि ग्राहकाने बदललेली संहिता चालूच देत नसे. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने ही पळवाट बुजविली. बदललेली संहिता यंत्रावर बसविण्यासाठी लागणारी माहिती देणे बंधनकारक केले. लिनस टोरवाल्ड्स यांना ही अट मान्य झाली नाही व लिनक्स कर्नल दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिला.

तिसऱ्या आवृत्तीनेही एक तडजोड केलीच. ही अट केवळ घरगुती वा व्यक्तिगत वापराच्या वस्तूंना लागू आहे. केवळ रुग्णालयांसाठी बनविलेले उपकरण, कारखान्यातील नियंत्रक यंत्र वा मतदानयंत्र तिच्या कक्षेबाहेर राहते. व्यवसायसंस्था असे नियंत्रण बाहेरच्या कंपनीकडे स्वेच्छेने सोपवितात, हे त्यामागील समर्थन. ते अपुरे आहे. रुग्णालयाने संमती दिली असेलही. पण अतिदक्षता विभागात त्या यंत्राला जोडलेला रुग्ण परवान्याच्या लेखी वापरकर्ताच नाही, आणि संहितेतील दोष हेरूनही दुरुस्त संहिता यंत्रावर चढवू न शकणारा तेथील अभियंता टिवोच्या ग्राहकाच्याच जागी उभा असतो.