भूमिका-खेळांतील संगीत : प्रातिपदिक आणि पद

व्हिडिओ गेममधील संगीताविषयी अलीकडे जे लेखन होते, त्यातील बरेचसे वस्तुतः ध्वनिमुद्रिकांविषयीचे लेखन असते. चाल खेळातून वेगळी काढावयाची, ती स्वतंत्रपणे ऐकावयाची, आणि मग ती गोड आहे की रूक्ष, वाद्यमेळ भरगच्च आहे की विरळ, याचा निवाडा द्यावयाचा, अशी ही पद्धत आहे. रोल-प्लेइंग गेम म्हणून जो प्रकार ओळखला जातो व ज्यास प्रस्तुत लेखात भूमिका-खेळ म्हटले आहे, त्याच्या बाबतीत ही पद्धत विशेष दिशाभूल करणारी ठरते. या प्रकारात खेळणारा एका पात्राची भूमिका घेऊन कित्येक तास, कधी आठवडेच्या आठवडे, एका कल्पित जगात वावरतो. तेथील चाली त्याच्या कानांवरून शेकडो वेळा जातात.

व्याकरणातील एक भेद येथे उपयोगी पडण्यासारखा आहे. पाणिनीच्या परिभाषेत विभक्तिप्रत्यय लागून वाक्यात वावरण्यास योग्य झालेले नाम हे पद होय. त्यापूर्वी ते केवळ प्रातिपदिक असते. ध्वनिमुद्रिकेवर ऐकलेली चाल अशी प्रातिपदिकासारखी आहे. तिला अर्थ नाही असे म्हणता येणार नाही. परंतु तिचे कार्य कोणते, हे खेळातील तिचे स्थान कळल्याखेरीज सांगता येत नाही. खांदेश्वर स्थानकावरून लोकल पकडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण, जो खेळ कधी खेळलेच नाहीत त्याच्या चाली कानाला लावून प्रवास करतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र ती आवड झाली, परीक्षण नव्हे.

उदाहरणादाखल 1986 साली जपानात निघालेला 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ घ्यावा. त्याचे संगीत कोइची सुगियामा यांचे. ज्या फॅमिकॉम यंत्रावर तो चाले, त्यात ध्वनीच्या पाचच वाटा उपलब्ध होत्या, आणि त्यांतील एक तर केवळ खरखरीसाठी होती. या खेळात गुहेची एक चाल आहे. खेळणारा जसजसा एकेक मजला खाली उतरतो, तसतशी त्याच चालीची लय मंदावते आणि स्वर खाली सरकतो. सुटी ऐकल्यास ही चाल कोणासही क्षुल्लक वाटेल. खेळात मात्र हाती मशाल असून चार पावलांपलीकडचे दिसत नसते, आणि आपण किती खोल आलो हे प्रथम कानाला कळते.

याहून महत्त्वाचे उदाहरण 1997 सालच्या 'फायनल फँटसी सात' या खेळातील होय. संगीतकार नोबुओ उएमात्सु. या खेळात वाट चालता चालता अकस्मात शत्रू समोर ठाकतो, चालू असलेले संगीत तुटते आणि लढाईचे संगीत सुरू होते. हा नियम खेळणाऱ्याच्या अंगवळणी इतका पडतो, की त्याची जाणीवही उरत नाही. पुढे एरिथ या पात्राची हत्या होते. तिची चाल सुरू होते, आणि लगेच लढाईचा प्रसंग येतो. येथे नियमाप्रमाणे संगीत बदलावयास हवे. ते बदलत नाही. शस्त्रे चालत असतात आणि वर तीच शोकाची चाल वाजत राहते. भाषाशास्त्रात चिन्हित रूप म्हणतात ते हेच. अचिन्हित रूप शेकडो वेळा कानी पडल्यावाचून चिन्हित रूपास धार येत नाही. केवळ ती चाल ऐकून 'करुणरम्य' असा शेरा मारणाऱ्या समीक्षकाने या प्रसंगाविषयी काहीच सांगितलेले नसते.

मराठी वाचकास हा प्रश्न अपरिचित वाटू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880 च्या 'शाकुंतला'त साक्या व दिंड्या विपुल आहेत. त्यांची चाल ठरीव असते. शब्द बदलतात, कथानक पुढे सरकते, चाल तीच राहते. 1911 च्या 'मानापमाना'स गोविंदराव टेंबे यांनी आणि 1916 च्या 'स्वयंवरा'स भास्करबुवा बखले यांनी ज्या चाली दिल्या, त्या याहून कितीतरी समृद्ध, मैफलीत मानाने मिरवाव्यात अशा. पण बालगंधर्वांच्या पदाला 'वन्स मोअर' मिळाला की रुक्मिणी थांबे आणि गायक उरे. आमच्या नाट्यसंगीताच्या समीक्षेने पुष्कळदा या दुसऱ्या प्रकाराच्या मापाने पहिल्यास मोजले, आणि साकी-दिंडीला प्राथमिक ठरविले. भूमिका-खेळांच्या संगीताबाबत तीच चूक आता नव्याने होत आहे. या खेळांतील संगीताचे नाते साकी-दिंडीशी आहे. शंभराव्या आवर्तनालाही चाल कंटाळवाणी न होणे, आणि तरीही लक्ष स्वतःकडे ओढून न घेणे, ही तिची पहिली कसोटी होय. ही कसोटी दुसऱ्याने खेळलेल्या खेळाचे चित्रण पाहूनही लावता येत नाही. कारण हरल्यावर तोच प्रसंग सातव्यांदा खेळताना तीच चाल पुन्हा आरंभापासून ऐकणे प्रेक्षकाच्या वाट्यास येत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' या खेळाचा विचारही याच दृष्टीने करावयास हवा. तो काटेकोरपणे भूमिका-खेळ नव्हे, साहसप्रधान खेळ होय. तथापि महाराष्ट्रात घडलेले याहून जवळचे उदाहरण आमच्यासमोर नाही. राजी ही मुलगी असुरांनी पळविलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. दुर्गा व विष्णू कथा सांगतात. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे आहे. परक्याला भारतीय संगीत कसे साधणार, हा प्रश्न त्यावर सहज विचारला जातो. टेंब्यांनी 'मानापमाना'साठी पूर्वेकडील ठुमरीच्या ढंगाच्या चाली आणल्या, तेव्हा त्याही या मातीतल्या नव्हत्या. आमच्या मते खरा प्रश्न निराळा आहे. 'राजी'चे संगीत स्थळाची आणि देवतांची ओळख पटवून देते, ते प्रसन्नही आहे. परंतु हा खेळ थोड्याच तासांत संपतो. नियम रुजावा आणि मग तो मोडता यावा, एवढा अवकाशच त्यात नाही. एरिथच्या प्रसंगासारखे काही त्यात घडत नाही, ते संगीतकार ग्रीक असल्यामुळे नव्हे.