गुण, गुण आणि गुणतालिका

आज आपण संगणकावरच्या एका खेळाची समीक्षा करणार आहोत. त्याचं नाव ‘फुटबॉल मॅनेजर’. संगणकाचा खेळ म्हटलं की बोटांची चपळाई, धावपळ, आवाज असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. यात त्यातलं फारसं काही नाही. चेंडूला आपला पाय कधीच लागत नाही. आपण संघाचे मॅनेजर असतो. कोणाला घ्यायचं, कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं आणि कोणाला सोडायचं, एवढंच आपल्या हातात. उरलेला वेळ रकाने वाचण्यात जातो. म्हणूनच या खेळाचा एक हंगाम आम्ही ‘वाचला’ असं म्हणतो आणि त्या वाचनातून काय हाती लागलं ते आज मांडतो.

थोडा इतिहास. इंग्लंडमधल्या पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांनी घरी बसून लिहिलेला ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ 1992 साली बाजारात आला. त्या पहिल्या खेळात खेळाडूंची नावंसुद्धा खरी नव्हती. मैदान दिसायचंच नाही, सामना म्हणजे पडद्यावर उमटणारी वाक्यं. मैदानावर फिरणारे ठिपके दिसायला 2003 साल उजाडलं. पुढे प्रकाशकाशी फारकत झाली, जुनं नाव प्रकाशकाकडे राहिलं आणि भावांची कंपनी, स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह, 2004 पासून ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावानं खेळ काढू लागली. नाव बदललं, ठिपक्यांची माणसं झाली, पण गाभा तोच राहिला. तो गाभा म्हणजे खेळाडूचं पान.

या पानावर काय असतं? वेग, दमसास, पासची अचूकता, हेडर, हे तर असतंच. पण त्यांच्याच शेजारी धाडस, जिद्द, एकाग्रता, नेतृत्व हेही असतं. आणि प्रत्येकासमोर 1 ते 20 मधला एक आकडा. आता मराठीची गंमत बघा. माणसाच्या अंगी असतो तो गुण. परीक्षेत मिळतो तोही गुण. आणि सामना जिंकल्यावर संघाला मिळतात तेही तीन गुण, ज्यांची मिळून गुणतालिका होते. हा सगळा खेळ या तीन अर्थांच्या मध्ये चालतो. अंगच्या गुणांना मार्क द्यायचे आणि त्या मार्कांमधून तालिकेतले गुण कमवायचे. आमचा प्रश्न असा आहे की या प्रवासात काय हरवतं, आणि जे हरवतं ते खेळाला ठाऊक असतं का?

आम्ही इंग्लंडच्या चौथ्या पायरीवरचा, म्हणजे लीग टूमधला एक संघ घेतला. 24 संघ, 46 सामने, शेवटचे दोन संघ खाली जातात. संचालक मंडळाची अपेक्षा साधी होती, खाली जाऊ नका. जुलैत संघाची यादी उघडली तेव्हा दोन पानांवर नजर थांबली. एक 34 वर्षांचा कर्णधार, मधल्या फळीत उभा राहणारा बचावपटू. वेग 6, नेतृत्व 17, जिद्द 16. दुसरा 18 वर्षांचा विंगर. वेग 16, जिद्द 6. आपल्याकडच्या कुठल्याही शाळेत असे दोन प्रगतिपुस्तकवाले भेटतील.

हंगाम म्हणजे काय, तर यातल्या कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा याचा रोजचा निर्णय. ऑगस्टमध्ये पोरगा सुसाट पळाला, पहिल्या पाच सामन्यांत आम्ही नऊ गुण कमावले. पाऊस लागला, दर मंगळवारी आणि शनिवारी सामने येऊ लागले आणि तो मैदानावरून दिसेनासा झाला. आकडे तेच होते बरं का. मग काय बदललं? इथे खेळाची खरी हुशारी सुरू होते. काही गुण त्यानं आपल्यापासून लपवलेले असतात. सातत्य किती, मोठ्या सामन्यात काय होतं, दुखापत किती लवकर होते, मैदानावर आडदांडपणा किती, दडपण पेलतं का, निष्ठा किती, यांचे आकडे आत आहेत पण पानावर नाहीत. ते आपण माणसाला खेळवून, निरखून, अंदाजानंच ओळखायचे. समीक्षेला आपल्याकडे गुणदोषविवेचन म्हणतात. या खेळानं गुण पानावर छापले आणि दोष बहुतांशी झाकून ठेवले. म्हणजे वाचकाला काम ठेवलं. चांगली कादंबरी पात्राबद्दल सगळं सांगून टाकत नाही, तसंच हे.

पण हे आकडे देतं कोण? वर्तुळ इथे थोडं मोठं करू. जगभर पसरलेले संशोधक हे काम करतात. त्यातले बहुतेक त्या त्या संघाचे प्रेक्षकच असतात. म्हणजे ‘जिद्द 16’ हे मोजमाप नव्हे, ते कुणाचं तरी मत आहे. ‘मला तो जिद्दी वाटतो’ असं म्हटलं तर आपण वाद घालू. ‘16’ म्हटलं की गप्प बसतो. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर 01/02’ मध्ये पोर्तुगालच्या खालच्या पायरीवर तो मदेरा नावाचा एक अचाट आघाडीपटू होता. असंख्य लोकांनी त्याला विकत घेतलं. असा खेळाडू मुळात नव्हताच, माहिती भरणाऱ्यानंच तो घुसवला होता. आकड्याच्या अंगावर पोशाख नीट असला की त्याला कुणी अडवत नाही.

त्याच खेळातला मक्सिम त्सिगाल्को मात्र खरा होता, बेलारूसच्या दिनामो मिन्स्कचा. पडद्यावर तो हंगामाला ढिगानं गोल करायचा. प्रत्यक्षात दुखापतींमुळे 26 व्या वर्षी त्याचं खेळणं थांबलं आणि डिसेंबर 2020 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी तो गेला. आपण म्हणतो, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. हा खेळ ते पाय 1 ते 200 च्या मापानं मोजतो, त्याला संभाव्य क्षमता म्हणतो आणि तोही आकडा लपवतो. पण त्सिगाल्कोच्या पायांचं पुढे काय होणार हे कुठल्याच मापात नव्हतं. आणि हा प्रश्न पडद्यापुरता राहिलेला नाही. 2008 साली एव्हर्टन या क्लबनं खेळाडू हेरण्यासाठी याच खेळाची माहिती वापरायचा करार केला होता.

आता पुन्हा आमच्या हंगामाकडे. ऑक्टोबरमध्ये आम्ही त्या पोराला कर्णधाराच्या गटात टाकलं. खेळात तशी सोय आहे. अनुभवी खेळाडूच्या सोबतीत तरुण खेळाडू ठेवला की हळूहळू त्याचा स्वभाव बदलतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे शेतकऱ्याचं निरीक्षण कुणीतरी संगणकाला शिकवलंय असं वाटलं. फेब्रुवारीत पोराची जिद्द 6 ची 8 झाली, बाजूला हिरवा बाण. कर्णधाराचा वेग 6 चा 5 झाला, बाजूला लाल बाण. मार्चमध्ये पोरानं पावसातल्या सामन्यांत शेवटच्या मिनिटांत दोन गोल केले. आम्ही 51 गुणांसह विसावे आलो. वाचलो.

या चांगल्या भागाशेजारी खेळाची दुबळी बाजूही सांगायला हवी. ती म्हणजे बोलणं. पत्रकार परिषदेत तेच ते प्रश्न येतात आणि तयार उत्तरांतलं एक निवडायचं असतं. सामन्याच्या मध्यंतरात संघाशी बोलायचं तर एक हावभाव आणि एक वाक्य. थोड्याच दिवसांत आपण माणसाशी बोलणं सोडतो आणि कोणतं बटण दाबल्यावर कोण खूश होतो एवढंच पाठ करतो. स्वभावाची इतकी बारीक गुंतागुंत आत ठेवणाऱ्या खेळाला संवाद असा फॉर्म भरल्यासारखा करावा लागतो, ही त्याची मोठी उणीव आहे.

मे महिना. कर्णधाराचा करार संपत आला. पगाराचं बजेट तोकडं, त्याचं पान लाल बाणांनी भरलेलं. आम्ही करार वाढवला नाही. जूनअखेर तो यादीतून गेला. पोराच्या पानावर जिद्द 8 तशीच होती. ती कुठून आली याची नोंद त्या पानावर नाही. तो आकडा पोराचा स्वतःचा म्हणूनच दिसतो, आणि उद्या कुणी त्याला विकत घेतलं तर त्या 8 चीही किंमत मोजेल. कर्णधाराच्या पानावरही ‘दुसऱ्याला गुण लावला’ असा रकाना नाही.

आमचं म्हणणं इथे येऊन ठरतं. ‘फुटबॉल मॅनेजर’ माणसांचे आकडे करतो, अशी तक्रार नेहमी होते. ती अर्धीच खरी आहे. खेळाच्या पोटातल्या हिशेबाला पक्कं ठाऊक आहे की गुण एकाकडून दुसऱ्याला लागतो, संगतीनं येतो, काळानं झिजतो. तसं नसतं तर पोराचा आकडा हललाच नसता. पण खेळाडूचं पान मात्र प्रगतिपुस्तकासारखं आहे, एक नाव आणि त्याच्यासमोर त्याचेच गुण. आत संगतीचा हिशेब, बाहेर एकेकट्याचा निकाल. आणि निर्णय आपण बाहेरचं पान बघूनच घेतो.

शाळेचा निकाल, कार्यालयातलं वार्षिक मूल्यमापन, घरी जेवण पोचवणाऱ्याला आपण देतो ते तारे, ही सगळी अशीच पानं आहेत. ती खोटी नसतात. पण कोणत्या कर्णधारामुळे कोणाचे सहाचे आठ झाले, हे त्यांच्यावर लिहिलेलं नसतं. ते आठवणीत ठेवायचं काम वाचणाऱ्याचं. एका हंगामात ही गोष्ट हाताला जाणवून देणारा खेळ आम्हाला समीक्षेच्या योग्यतेचा वाटतो, त्याच्या बोलण्यातल्या उणिवेसकट.

आमचं मांडून झालं. आता आपले प्रश्न घेऊ.