‘आय नो व्हेअर आयॅम गोइंग!’ : नायकाची अनुपस्थिती आणि स्थळाचा प्रभाव

मायकेल पॉवेल व एमेरिक प्रेसबर्गर यांचा ‘आय नो व्हेअर आयॅम गोइंग!’ (१९४५) हा प्रणयप्रधान विनोदी ब्रिटिश चित्रपट एका अडचणीतून जन्मला. ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’साठी लागणारी टेक्निकलरची सामग्री युद्धकाळात उपलब्ध होईना, मधल्या अवकाशात हा कृष्णधवल चित्रपट हाती घेण्यात आला. त्याविषयी नेहमी सांगितली जाणारी हकीकत मात्र वेगळीच आहे. नायक टॉर्क्विलची भूमिका करणारा रॉजर लिव्हसी त्या वेळी लंडनमध्ये एका नाटकात गुंतलेला असल्याने चित्रीकरणासाठी स्कॉटलंडला गेलाच नाही. मल बेटावरील दूरदृश्यांत त्याच्या जागी बदली कलाकार वावरला आणि लिव्हसीची दृश्ये डेनहॅमच्या स्टुडिओत घेण्यात आली.

ही हकीकत बहुधा तांत्रिक करामत म्हणूनच सांगितली जाते. आशयाच्या अंगाने तिचा विचार क्वचितच होतो. नायिका जोन श्रीमंत उद्योगपतीशी विवाह करण्यासाठी किलोरन या काल्पनिक बेटाकडे निघते आणि वादळामुळे मलच्या किनाऱ्यावर अडकते. स्थळाचा संस्कार व्हायचा आहे तो तिच्यावर. टॉर्क्विल मूळचा तिथलाच. त्यामुळे खरा वारा वेंडी हिलरच्या चेहऱ्यावर आदळणे आवश्यक होते, लिव्हसीच्या नव्हे. (‘पिग्मॅलियन’ या १९३८ च्या चित्रपटातील एलायझा हीच, मराठी रसिकाला ते पात्र ‘ती फुलराणी’मुळे परिचित आहे.) नियोजित वर बेलिंजर तर पडद्यावर येतच नाही, केवळ त्याचा आवाज ऐकू येतो. समुद्राने वेढलेल्या बेटावर पोहण्याचा तलाव बांधणाऱ्या या माणसाला चेहरा नसणे अर्थपूर्ण ठरते.

प्रेमाचा पैशावर विजय, असे या चित्रपटाचे सरधोपट वर्णन केले जाते. ते अपुरे आहे. जोनची महत्त्वाकांक्षा चित्रपटाला गैर वाटत नाही. वादळात होडी न्यावी म्हणून ती तरुण केनीला पैसे देते, तेव्हा त्याच्यावर प्रेम करणारी ब्रायडी तिला जाब विचारते. आक्षेप आहे तो दुसऱ्याचा जीव पणाला लावण्यावर. पुढे कॉरिव्रेकनच्या भोवऱ्याचे दृश्य येते. प्रत्यक्ष समुद्राची छायाचित्रणे आणि स्टुडिओतील टाकी यांचा सांधा आज काही ठिकाणी उघडा पडतो. तरीही भीती खरी वाटते, कारण ब्रायडीचे शब्द प्रेक्षकाच्या कानात अजून ताजे असतात.