‘आयत’ : ईश्वरी खूण की पुरावा?

इस्लामी धर्मविचारात ‘आयत’ ही संकल्पना मध्यवर्ती आहे. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ खूण अथवा चिन्ह असा आहे. कुराणात हा शब्द निसर्गातील घटनांसाठी येतो, प्रेषितांच्या हातून घडलेल्या अद्भुत कृतींसाठी येतो आणि खुद्द कुराणातील वचनांसाठीही येतो. मराठीत या अर्थांसाठी निशाणी, चमत्कार आणि वचन असे तीन निराळे शब्द योजावे लागतात. भाषांतरात हे टाळणे कठीण असले, तरी त्यामुळे मूळ संकल्पनेतील एकात्मता वाचकाच्या दृष्टीआड होते.

ही एकात्मता जपानी अभ्यासक तोशिहिको इझुत्सु यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात नेमकेपणाने उलगडून दाखविली. त्यांच्या मते ईश्वर शब्दांतून आणि शब्दांवाचूनही मानवाशी संवाद साधतो. हे दोन्ही प्रकार आयतच होत. तिसाव्या, ‘अर-रूम’ या सूरहमध्ये याचा प्रत्यय येतो. तेथे दांपत्यातील स्नेह, भाषा व वर्ण यांतील वैविध्य, निद्रा आणि वीज यांची गणना ईश्वराच्या खुणांत केली आहे. यांपैकी एकही गोष्ट असाधारण नाही. त्या खुणा विचार करणाऱ्यांसाठी, जाणणाऱ्यांसाठी आणि ऐकणाऱ्यांसाठी आहेत, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजेच खूण ही पाहणाऱ्याकडून प्रतिसादाची अपेक्षा करते. ती त्याच्यावर सक्ती करीत नाही. चमत्काराची मागणी करणाऱ्यांना एकोणतिसाव्या सूरहमध्ये कुराणाकडेच निर्देश करून उत्तर दिले आहे, हेही येथे लक्षणीय ठरते.

या पार्श्वभूमीवर फ्रेंच वैद्य मॉरिस बुकाय यांच्या १९७६ मधील ग्रंथाचा विचार करावा लागतो. कुराणातील निसर्गविषयक वचने आधुनिक विज्ञानाशी जुळतात, हे त्यांचे प्रतिपादन पुढे अतिशय लोकप्रिय झाले. श्रद्धा आणि विज्ञान यांत वैर नाही हे दाखविण्याचा त्यांचा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु या मांडणीत आयत ही चिंतनाचा विषय न राहता पुरावा बनते आणि धर्मवचनाचे प्रामाण्य बदलत्या वैज्ञानिक सिद्धांतावर अवलंबून राहते. सिद्धांत बदलला, तर वचनाचा अर्थही बदलावा लागेल. ज्यांना हे वचन प्रथम ऐकविले गेले त्या सातव्या शतकातील अरबांना ठाऊक नसलेल्या विद्या कुराणात शोधू नयेत, असा आक्षेप अंदलूसचे विधिपंडित अश-शातिबी (मृत्यू १३८८) यांनी फार पूर्वीच नोंदविला होता.

सारांश, इझुत्सु यांची मांडणी संकल्पनेच्या मूळ स्वरूपाशी अधिक प्रामाणिक आहे. पुरावा एकदा मान्य झाला की चिंतन थांबते. खूण मात्र पाहणाऱ्याला पुन्हा पुन्हा विचारास प्रवृत्त करते. ‘आयत’ या शब्दाचे हे सामर्थ्य जपणे हीच भाषांतरकाराची आणि भाष्यकाराची खरी कसोटी होय.